आग लावणारे आणि बंब विकणारे: कॉम्प्युटर सुरक्षावाल्यांची आपसातली भांडणं

तिसरी_पाळी
सोमवार, पहाटे ३:१०

रात्रपाळीला अलार्म शांत असले की वाचायला वेळ मिळतो. सध्या आमच्या धंद्यातली जुनी भांडणं वाचतोय. बाहेरच्यांना वाटतं की एका बाजूला हॅकर आणि दुसऱ्या बाजूला आम्ही सुरक्षावाले. प्रत्यक्षात बऱ्याचदा दोन्हीकडे तीच माणसं असतात. एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखणारी, एकाच चॅटवर पडीक असणारी. भांडण पेटलं की कामाचीच हत्यारं एकमेकांवर चालवतात.

ब्रायन क्रेब्ज हे नाव काहींनी ऐकलं असेल. वॉशिंग्टन पोस्टमध्ये वार्ताहर होता, २००९ च्या शेवटी बाहेर पडला आणि तेव्हापासून एकटाच सायबर गुन्हेगारीवर लिहितो. मार्च २०१३ मध्ये कोणीतरी त्याच्याच नावाने पोलिसांना खोटी खबर दिली की घरात माणसं घुसलीत आणि बायकोला गोळी घातलीय. हा बिचारा घरात पाहुणे येणार म्हणून साफसफाई करत होता. दार उघडलं तर समोर बंदुका रोखलेल्या. बेड्या घातल्यावर खुलासा झाला, कारण असं काही होऊ शकतं हे त्याने सहा महिने आधीच स्थानिक पोलिसांकडे नोंदवून ठेवलं होतं. याला 'स्वॉटिंग' म्हणतात. त्याच वर्षी 'फ्लाय' नावाने वावरणाऱ्या सर्गेई वोवनेंकोने आपल्या मंडळीत बिटकॉइनची वर्गणी काढली, सिल्क रोड या चोरट्या ऑनलाइन बाजारातून हेरॉइन विकत घेतलं आणि क्रेब्जच्या पत्त्यावर पाठवलं. पाकीट पोचलं की शेजारी असल्याची बतावणी करून पोलिसांना कळवायचं, असा बेत. क्रेब्ज त्यांच्या त्या बंद मंडळीत आधीपासून लपून वाचत बसलेला, त्यामुळे पाकीट यायच्या आधीच पोलिसांना सगळं ठाऊक. वोवनेंकोला २०१७ मध्ये अमेरिकेत ४१ महिन्यांची शिक्षा झाली.

ही दोन्ही कामं उघड गुन्हेगारांची. मला बोलायचंय ते २०१६ बद्दल.

त्या सप्टेंबरात क्रेब्जने 'व्हीडॉस' नावाच्या सेवेचं बिंग फोडलं. पैसे द्या, आम्ही कुणाचीही वेबसाइट पाडून देतो, असा तो धंदा होता. दोन इस्रायली पोरं तो चालवायची, दोघंही अठराची, आणि दोन वर्षांत सहा लाख डॉलरच्या वर कमाई. दोघांना अटक झाली. पाठोपाठ २० सप्टेंबरला क्रेब्जने आणखी एक लेख टाकला, अशा हल्ल्यांपासून संरक्षण विकणाऱ्याच एका कंपनीबद्दल, की ही मंडळी दुसऱ्यांचे इंटरनेट पत्ते परस्पर आपल्याकडे वळवतात. त्याच रात्री त्याच्या साइटवर सेकंदाला ६२० गिगाबिटचा मारा सुरू झाला. अकामाई नावाची मोठी कंपनी त्याला फुकट संरक्षण देत होती. त्यांनी आजवर पाहिलेल्या सर्वांत मोठ्या हल्ल्याच्या हा जवळजवळ दुप्पट होता. बाकीच्या गिऱ्हाइकांना झळ बसू लागली तेव्हा त्यांनी हात वर केले. साइट काही दिवस अंधारात गेली आणि शेवटी गूगलच्या 'प्रोजेक्ट शील्ड'ने तिला पदराखाली घेतलं.

मारा करणारी यंत्रं होती घराघरांतले कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर, म्हणजे कारखान्यातून आलेला पासवर्ड कोणीच न बदललेली उपकरणं. त्यांना वश करणाऱ्या प्रोग्रामचं नाव मिराई. तो घडवणारे आणि भाड्याने देणारे तिघे: पारस झा, जोसाया व्हाइट आणि डाल्टन नॉर्मन. यातल्या झा आणि व्हाइटची 'प्रोट्राफ सोल्युशन्स' नावाची कंपनी होती. तिचं काम काय? गेमिंग सर्व्हरना अशाच हल्ल्यांपासून वाचवणं.

म्हणजे आग लावणारा तोच, बंब विकणाराही तोच. आणि क्रेब्जने ज्या संरक्षणवाल्या कंपनीवर लिहिलं होतं तिच्या सहसंस्थापकानेही नंतर, २०२० मध्ये, हल्ले घडवून आणल्याचा गुन्हा कोर्टात कबूल केला.

माझं म्हणणं एवढंच आहे की या क्षेत्रातला छळ 'काही वाया गेलेली पोरं' म्हणून कोपऱ्यात सारता येत नाही. तो धंद्याच्या मधोमध बसलेला आहे. तुमचं मत काय?

---

बिनतारी
सोमवार, सकाळी ९:२२

वाचतोय. छान लिहिलंय. पण गेमिंग सर्व्हर म्हणजे माइनक्राफ्टच ना? आमचं शेंडेफळ खेळतं ते. त्यावरून एवढं रामायण?

---

तिसरी_पाळी
सोमवार, सकाळी ११:०५

@बिनतारी, हो तेच. मोठा माइनक्राफ्ट सर्व्हर चालवणारे जागा भाड्याने देऊन, खेळातल्या वस्तू विकून महिन्याला हजारो डॉलर कमावतात. सर्व्हर अडखळला की पोरं तासाभरात दुसरीकडे जातात. त्यामुळे प्रतिस्पर्ध्याला पाडणं हाच सोपा मार्ग. मग प्रत्येकाला संरक्षण लागतं, संरक्षण विकणाऱ्यांत स्पर्धा लागते, आणि 'त्यांच्याकडे होतात तर पडलात, आमच्याकडे या' हे सिद्ध करायचं तर त्यांना पाडावं लागतं. प्रोट्राफची गिऱ्हाइकं अशीच आली.

एक गंमत राहिली. मिराई एखाद्या कॅमेऱ्यात शिरला की पहिलं काम काय करायचा, तर आधीच घुसलेल्या दुसऱ्या टोळीचा प्रोग्राम मारून टाकायचा आणि आत यायचं दार लावून घ्यायचा. वैर थेट कोडमध्ये लिहिलेलं.

झा पकडला कसा गेला तेही पाहा. ३० सप्टेंबरला 'ॲना-सेनपाय' या टोपणनावाने त्याने मिराईचा अख्खा कोड जगजाहीर केला, म्हणजे उद्या तो कोड संगणकावर सापडला तरी 'हा तर सगळ्यांकडे आहे' म्हणता यावं. पण त्या टोपणनावाने कुठेतरी आपल्याला येणाऱ्या प्रोग्रामिंग भाषांची फुशारकी मारली होती. नोकरीसाठी खऱ्या नावाने टाकलेल्या माहितीतही जवळपास तीच यादी! हे क्रेब्जच्याच लक्षात आलं. जानेवारी २०१७ मध्ये त्याने नाव छापलं. डिसेंबरात तिघांनी गुन्हा कबूल केला.

कोड मोकळा सुटल्यावर मात्र तो कुणाच्याही हातात गेला. २१ ऑक्टोबर २०१६ ला वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या डिन या कंपनीवरच्या हल्ल्यात ट्विटर, नेटफ्लिक्स, स्पॉटिफाय अमेरिकेत तासन्‌तास अडखळले, ते या तिघांचं काम नव्हतं.

---

साधी_भाकरी
सोमवार, दुपारी १:४०

झा म्हणजे आपलाच कोणीतरी? परदेशात जाऊन नाव काढलंन.

---

ओसरी
सोमवार, दुपारी २:१५

न्यू जर्सीत वाढलेला, रटगर्स विद्यापीठात शिकणारा मुलगा. 'आपला' कसला? आणि इस्रायली दोघे, बाकीचे दोन अमेरिकन, त्यांच्या आडनावांवर कोणी काही बोललं नाही बरं का.

शिक्षा काय झाली तेही लिहा ना कोणी. मला आठवतं त्याप्रमाणे तुरुंगवास नव्हता.

---

तिसरी_पाळी
सोमवार, संध्याकाळी ७:३०

बरोबर. सप्टेंबर २०१८ मध्ये तिघांना पाच वर्षांचं प्रोबेशन आणि २,५०० तासांची समाजसेवा. एफबीआयला भरपूर मदत केली म्हणून. झाने स्वतःच्याच विद्यापीठाची यंत्रणा वारंवार पाडली होती, आणि वर टोपणनावाने 'तुमचा संरक्षणवाला पुरवठादार बदला' असे टोमणे मारले होते. त्या वेगळ्या खटल्यात सहा महिने घरकैद आणि ८६ लाख डॉलर भरपाईचा आदेश झाला.

---

जुना_मोडेम
सोमवार, रात्री १०:४८

तिसरी पाळीसाहेब, तुम्ही २०१६ पासून सुरुवात केलीत, म्हणजे वयाने लहान आहात. हे त्याच्या फार आधीपासूनचं आहे.

२००२ च्या सुमारास 'अँटीसेक' नावाची लाट होती. त्यांचं म्हणणं, सापडलेल्या त्रुटी जाहीर करणारे सुरक्षावाले हे दलाल. आम्ही शोधतो आणि हे परिषदांत भाषणं ठोकून पैसे करतात. यांना धडा शिकवा. मग नावाजलेल्या लोकांच्या खासगी मशिनींत घुसून त्यांच्या ईमेल आणि चॅट छापायची प्रथा पडली. टिंगलटवाळीची भाषा, मधे मधे नुसत्या कीबोर्डवरच्या अक्षरांनी काढलेली चित्रं. लिखाण कधी कधी विनोदी असायचं, खोटं कशाला बोलू, आम्ही हसत वाचायचो.

जुलै २००९ मध्ये, ब्लॅक हॅट या सुरक्षा परिषदेच्या तोंडावर, 'झिरो फॉर ओन्ड' या असल्याच हॅकरांच्या ऑनलाइन नियतकालिकाचा पाचवा अंक आला. त्यात डॅन कॅमिन्स्की आणि एकेकाळचा गाजलेला हॅकर केव्हिन मिटनिक यांची लक्तरं वेशीवर. कॅमिन्स्की कोण, तर ज्याने आदल्याच वर्षी डीएनएसमधली, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून पत्ता शोधणाऱ्या व्यवस्थेतली, भयंकर त्रुटी शोधून, सगळ्या बड्या कंपन्यांना गुपचूप एकत्र आणून, एका दिवशी दुरुस्ती करवून घेतली तो. त्याचे पासवर्ड, त्याची खासगी पत्रं, कोणाशी काय प्रेमाचं बोलला ते, सगळं. सुरक्षेचा मुद्दा त्यात नावापुरता होता. २०२१ मध्ये वयाच्या ४२ व्या वर्षी तो गेला, तेव्हा श्रद्धांजल्यांमध्ये प्रत्येकजण त्याच्या भलेपणाबद्दल लिहीत होता.

आणि 'फुल डिस्क्लोजर'. जुलै २००२ मध्ये जॉन कार्टराइट आणि लेन रोझ यांनी सुरू केलेलं पत्रव्यवहाराचं व्यासपीठ, त्रुटी मोकळेपणी जाहीर करायला. तिथे बारा वर्षं शिवीगाळ, धमक्या, कंपन्यांच्या वकिलांच्या नोटिसा सगळं चाललं. १९ मार्च २०१४ ला कार्टराइटने कुलूप घातलं. कारण कोणती कंपनी नव्हती. आपल्याच क्षेत्रातल्या एका संशोधकाने जुना मजकूर उडवण्यासाठी त्याच्यामागे तगादा लावला होता. असला दिवस कधी आलाच तर बाहेरच्यांकडून येईल असं त्याला वाटलं होतं. आठवड्याभरात एनमॅप हे नेटवर्क तपासायचं साधन बनवणाऱ्या फ्योदोरने ते पुन्हा उभं केलं, पण कार्टराइटचं ते शेवटचं पत्र मला अजून आठवतं. थकलेल्या माणसाचं होतं.

---

चकवा
मंगळवार, रात्री १२:२०

सगळे अगदी गळा काढून रडायला लागलेत. अहो, ज्याला सुरक्षेचा तज्ज्ञ म्हणून मिरवायचंय त्याची स्वतःची मशीन लोकांनी तपासली तर बिघडलं काय? एचबीगॅरी ही सुरक्षा कंपनी आठवतेय का? ॲरन बार नावाच्या सीईओने फेब्रुवारी २०११ मध्ये फायनान्शियल टाइम्सला सांगितलं की मी ॲनोनिमस या हॅकरांच्या निनावी गटाचे म्होरके शोधून काढलेत. त्याच शनिवार-रविवारी ॲनोनिमसवाले आत. कसे? वेबसाइटवर साधं एसक्यूएल इंजेक्शन, म्हणजे साइटला पाठवायच्या माहितीतच डेटाबेसचे हुकूम घुसवणं. पासवर्ड एमडी५ या जुन्या, सहज फुटणाऱ्या पद्धतीने साठवलेले, तेही सॉल्ट म्हणजे जादा अक्षरं न मिसळता. सीईओचा पासवर्ड सगळीकडे एकच, त्याच्यावरून ईमेल आणि ट्विटरही गेलं. भगिनी कंपनीच्या मालकाच्या नावाने सर्व्हर सांभाळणाऱ्याला ईमेल करून पासवर्ड मागितला आणि त्याने दिला!! सरकारला सुरक्षा विकणारी कंपनी ही. आणि ईमेल बाहेर आल्यावर काय सापडलं? विकिलीक्सच्या समर्थक पत्रकाराला कसं दबावात आणायचं याचे प्रस्ताव. मग? उघडं पाडलं ते वाईट झालं का? कातडी जाड ठेवा, नाहीतर दुसरं काम बघा.

---

ओसरी
मंगळवार, सकाळी ८:५५

@चकवा, एचबीगॅरीचे प्रस्ताव घाणेरडेच होते आणि ते बाहेर आले ते बरं झालं. यात माझं तुमचं दुमत नाही. बार महिनाअखेर पायउतार झाला, तेही योग्य. पण त्याच दिवशी त्याच्या ट्विटरवरून त्याच्या घरचा पत्ता आणि सोशल सिक्युरिटी नंबर टाकला गेला. त्यातून कंपनीचं कोणतं पाप उघडं पडलं? त्या घरात त्याची मुलंबाळं राहत होती. दोन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरून 'बघा किती उपयोगी' म्हणायचं, ही या क्षेत्रातली जुनी सवय आहे.

दुसरं उदाहरण देते. कॅथी सिएरा प्रोग्रामिंगची पुस्तकं लिहायची, शिकवायची. २००७ मध्ये तिला ठार मारायच्या धमक्या सुरू झाल्या, सॅन डिएगोची परिषद सोडावी लागली, मग तिचा पत्ता आणि नंबर खोट्यानाट्या कहाण्यांसह पसरवले गेले. ती कित्येक वर्षं सार्वजनिक आयुष्यातून गायब झाली. त्यात आपला हात असल्याचं 'वीव्ह' म्हणजे अँड्र्यू ऑर्नहायमरने पुढच्याच वर्षी न्यूयॉर्क टाइम्सच्या वार्ताहराला सांगितलं. दोन वर्षांनी, २०१० मध्ये, त्याने आणि साथीदाराने एटी अँड टीच्या साइटवरून आयपॅडवाल्यांचे लाखावर ईमेल पत्ते उचलले. त्याला ४१ महिन्यांची शिक्षा झाली. आणि मग अख्खं सुरक्षाक्षेत्र 'संशोधकाला न्याय द्या' म्हणून उभं राहिलं.

आता कायद्याचा मुद्दा त्यांचा बरोबर होता, हे मी मान्य करते. उघड्या पत्त्यावरची माहिती वाचली म्हणून तुरुंग, हा पायंडा सगळ्यांनाच महागात पडला असता. एप्रिल २०१४ मध्ये शिक्षा रद्द झाली, तीही खटला चुकीच्या राज्यात चालवला या मुद्द्यावर. पण खटला लढणं वेगळं आणि त्या माणसाला डोक्यावर घेऊन नाचणं वेगळं. 'कसबी आहे ना' एवढ्यावर सगळं माफ. सिएराचं नाव त्या मोर्चात किती जणांनी काढलं?

---

जुना_मोडेम
मंगळवार, सकाळी १०:१०

ओसरीताई, +१. 'कसबी आहे ना' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की विचारू नका.

---

चकवा
मंगळवार, सकाळी १०:३१

ताई, तुम्ही स्वतः कधी एक तरी त्रुटी शोधलीय का? की नुसतं

[उर्वरित प्रतिसाद व्यक्तिगत शेरेबाजीमुळे काढून टाकला आहे. धाग्याच्या विषयाला धरून लिहावे. - संपादक मंडळ]

---

बिनतारी
मंगळवार, सकाळी ११:००

विषयाला धरूनच होता की तो 😀

---

गोंयकार
मंगळवार, दुपारी ४:१२

मी गोव्यात नलकॉन ही सुरक्षावाल्यांची परिषद सुरू झाली तेव्हापासून, म्हणजे २०१० पासून, या लोकांना पाहतोय. परिषदेच्या आवारात एकमेकांशी फार सौजन्याने वागतात. भांडणं नंतर, फोनवर. आपल्याकडची भांडणं बहुतेक बग बाउंटीवरून, म्हणजे त्रुटी (बग) कळवल्याबद्दल कंपन्या देतात त्या बक्षिसावरून, असतात. कोणाचा रिपोर्ट पहिला, कोणाचा 'डुप्लिकेट' ठरला, कोणी कोणाची लिखाणाची शैली ढापली, कोणी सापडलेला बग व्हॉट्सॲपवर मित्राला दाखवला आणि मित्राने रात्रीत नोंदवून टाकला. पैसे डॉलरमध्ये. एका बगवर कॉलेजच्या पोराची वर्षाची फी निघते. म्हणून तिडीकही तेवढीच.

अमेरिकेत पत्ता कळला की स्वॉटिंग करतात, कारण तिथले पोलीस बंदुका घेऊन येतात. २०१७ च्या डिसेंबरात कॅन्ससमधल्या विचिटा गावी एका खोट्या फोनपायी एक माणूस दारात मारला गेला. भांडण ऑनलाइन खेळाचं, फोन करणारा कॅलिफोर्नियात, मेलेल्याचा त्या खेळाशी काडीचा संबंध नाही. फोन करणाऱ्याला २० वर्षं झाली. आपल्याकडे पोलीस असे धावून येत नाहीत (हे एरवी तक्रार म्हणून सांगतात 🙂), त्यामुळे छळाच्या तऱ्हा वेगळ्या.

---

भिंगरी
मंगळवार, रात्री ११:५०

त्या वेगळ्या तऱ्हा मी सांगते. नावं लिहीत नाही, विचारूही नका.

पुण्यात राहते, दिवसा नोकरी, रात्री बग बाउंटी. एका मोठ्या कंपनीला मी एक त्रुटी कळवली आणि बक्षीस मिळालं. दुसऱ्या एकाने तीच माझ्यानंतर कळवली होती, त्याची डुप्लिकेट ठरली. त्याचं म्हणणं, मी त्याच्या ग्रुपमधून चोरली. मी त्या ग्रुपमध्ये नव्हतेच. पण तो ज्येष्ठ, बरेच फॉलोअर असलेला, वर्कशॉप घेणारा.

सुरुवात ओटीपीने झाली. एसएमएस बॉम्बर नावाची फुकट साधनं असतात. तुमचा नंबर टाकला की शेकडो साइटवर त्या नंबरने नोंदणीची विनंती जाते आणि फोन ओटीपीने भरून वाहतो. रात्री दोनला. मग कॅश ऑन डिलिव्हरीची पार्सलं. एकदा एकाच संध्याकाळी तीन बिर्याण्या आणि एक मिक्सर. डिलिव्हरीवाल्या पोरांचे हाल, सोसायटीच्या वॉचमनला मी वेडी वाटायला लागले. मग टेलिग्रामवर माझ्या नावाचं खातं, माझाच फोटो, आणि त्यावरून लोकांना 'पैसे पाठवा, बग देते' असे निरोप. शेवटी माझ्या ऑफिसच्या एचआरला निनावी ईमेल, की ही बाई कंपनीच्या सिस्टिममध्ये घुसते.

हा शेवटचा वार सर्वांत हुशारीचा होता. कारण आपल्या कामाला संशयाचा वास मुळातच असतो. 'ती हॅकर आहे' हे वाक्य एचआरला सांगितलं की पुढचं काम भीती करते.

कम्युनिटीतल्या ज्यांना ज्यांना सांगितलं, त्यांचं उत्तर ठरलेलं: तो तसा तापट आहे, पण माणूस कामाचा आहे, तू थोडे दिवस ऑनलाइन येऊ नकोस.

---

ओसरी
बुधवार, सकाळी ७:४०

भिंगरी, लिहिलंस ते फार महत्त्वाचं आहे. एचआरचं पुढे काय झालं?

'ऑनलाइन येऊ नकोस' यावरून आठवलं. इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशनच्या इव्हा गॅल्पेरिनने जानेवारी २०१८ मध्ये जाहीरपणे लिहिलं होतं, की एखाद्या हॅकरने तुमच्यावर अत्याचार केला असेल आणि 'तुझी उपकरणं उघडी करीन' अशी धमकी दिली असेल, तर मला कळवा, मी पाहते. त्याचं कारणही याच क्षेत्रातलं होतं. एका नावाजलेल्या संशोधकावर बलात्काराचे आरोप झाले होते आणि बायका बोलायला घाबरत होत्या, कारण तो फोनमध्ये शिरू शकतो असं त्यांना वाटायचं. गॅल्पेरिनकडे मग इतके निरोप आले की तिचं कामच बदललं. फोनवर पाळत ठेवणाऱ्या ॲपविरुद्धची संघटना २०१९ मध्ये उभी राहिली ती त्यातूनच.

---

भिंगरी
बुधवार, दुपारी १:०५

एचआरने चौकशी केली, काही निघालं नाही. माझा मॅनेजर भला माणूस होता. त्याने लॉग स्वतः तपासले आणि लेखी दिलं. पण ते तीन आठवडे मी बग बाउंटीला हात लावला नाही, आणि त्याला नेमकं तेच हवं होतं.

---

तिसरी_पाळी
बुधवार, रात्री ११:१५

भिंगरीचा प्रतिसाद वाचून काल पाळीवर नीट लक्ष लागलं नाही.

मी वर फक्त पुरुषांच्या आणि पैशांच्या गोष्टी लिहिल्या. एक ताजी आणि वेगळ्या शेवटाची सांगतो. ॲलिसन निक्सन या संशोधिकेने 'द कॉम' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, सिमकार्ड पळवणाऱ्या आणि खंडणी मागणाऱ्या पोरांच्या जाळ्यावर कित्येक वर्षं काम केलंय. डिनवरच्या हल्ल्यात मिराई होता हे शोधणाऱ्यांतही ती होती. २०२४ मध्ये टेलिग्राम आणि डिस्कॉर्डवर 'वायफू', 'ज्युडिश' अशा नावांनी कोणीतरी तिला ठार मारायच्या धमक्या द्यायला लागला. गंमत म्हणजे ती तेव्हा त्याच्या मागावर नव्हतीच. धमक्या आल्यावर तिने ठरवलं की हा कोण ते आता बघायचंच. तोपर्यंत त्याच टोळीने स्नोफ्लेक या क्लाउड कंपनीच्या दीडशेहून जास्त गिऱ्हाइकांच्या खात्यांत हात घातला होता, एटी अँड टीच्या जवळजवळ सगळ्या ग्राहकांच्या फोन-नोंदींसह. ३० ऑक्टोबर २०२४ ला कॅनडातल्या किचनर गावात कॉनर मौका नावाचा तरुण पकडला गेला. डिसेंबरात त्याच्या साथीदाराला टेक्सासमध्ये अटक झाली. तो निघाला अमेरिकन सैन्यातला जवान.

प्रत्येक छळणाऱ्याची बडबड हाच त्याचा माग असतो. झा फुशारकीने सापडला, हा धमक्यांनी.

---

चकवा
गुरुवार, सकाळी ९:०२

@भिंगरी, ते बिर्याणी-ओटीपी प्रकरण हलकटपणा आहे, त्याचं समर्थन मी करत नाहीये. पण मार्कस हचिन्सचंही बोला की. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस एक डोमेन नोंदवून थांबवला त्या पोराने, इंग्लंडच्या टॅब्लॉइडांनी त्याचं नाव-गाव छापलं, मिराईच्याच नकला वापरून त्याच्या त्या डोमेनवर लोकांनी मारा केला, म्हणजे व्हायरस पुन्हा सुटावा म्हणून. ऑगस्टमध्ये लास व्हेगासला अटक झाली तेव्हा हेच आपले सज्जन लोक दोन तासांत त्याला देव म्हणणारे आणि सैतान म्हणणारे असे दोन गट करून एकमेकांच्या उरावर. छळ फक्त वाईट लोक करत नाहीत. 'सत्याच्या बाजूने' असलेलेही करतात, आणि झुंडीने करतात.

---

ओसरी
गुरुवार, सकाळी ९:४५

हे मात्र पटलं. हचिन्सने पोरवयात बँकांचे पासवर्ड चोरणारा प्रोग्राम लिहिल्याचं नंतर कबूल केलं, न्यायाधीशांनी २०१९ मध्ये तुरुंग न देता सोडलं. कोर्टाला दोन वर्षं लागली ते ट्विटरने दुपारच्या जेवणाआधी उरकलं होतं.

---

साधी_भाकरी
गुरुवार, दुपारी १२:३०

कोणीतरी कायद्याचं सांगा. असं झालं तर आपल्याकडे करायचं काय? ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराचं ते ६६ अ कलम तर गेलं ना?

---

कोर्टकचेरी
गुरुवार, रात्री ९:२०

६६ अ सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये रद्द केलं. तरी हत्यारं आहेत.

नावाचं खोटं खातं उघडणं आणि फोटो-पासवर्ड वापरणं, हे प्रकार माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ क, ६६ ड खाली बसवता येतात. सर्व्हर पाडणं कलम ४३ (च) आणि त्यासोबत ६६. बाईचा ऑनलाइन पाठलाग भारतीय न्याय संहितेचं कलम ७८. निनावी धमकी ३५१ (४). पोलिसांना खोटी खबर देऊन कोणाला त्रास देणं २१७. तक्रार १९३० या हेल्पलाइनवर किंवा सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर होते, पण १९३० मुख्यतः पैशाच्या फसवणुकीसाठी आहे. छळाच्या प्रकरणात सरळ सायबर पोलीस ठाण्यात लेखी द्या आणि पोच घ्या. हद्दीचं कारण सांगून परत पाठवलं तर शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवायला सांगा.

फारसं कोणाला ठाऊक नसलेलं एक: सर्व्हर पाडला किंवा खात्यात घुसून नुकसान केलं, तर कलम ४६ खाली राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे पाच कोटींपर्यंत भरपाई मागता येते. तिथे सिद्ध करायचा बोजा फौजदारी खटल्याइतका जड नसतो.

उलट बाजूही सांगतो. त्रुटी शोधणाऱ्याला आपल्या कायद्यात स्पष्ट संरक्षण नाही. परवानगीशिवाय आत गेलात तर हेतू चांगला होता हे तुम्हाला कोर्टात मांडत बसावं लागतं. म्हणून भिंगरींच्या बाबतीत घडलं तसं 'ही घुसते' एवढं निनावी पत्र पुरतं. बाउंटी कार्यक्रमाचे नियम ज्या दिवशी तुम्ही चाचणी केली त्या दिवशी काय होते, त्याची प्रत स्वतःकडे ठेवा.

---

भिंगरी
गुरुवार, रात्री १०:०५

वकीलसाहेब, माझ्याकडे स्क्रीनशॉट आहेत, पण टेलिग्रामचं ते खातं आता उडवलंय. उपयोग आहे का?

---

कोर्टकचेरी
शुक्रवार, सकाळी ८:३०

आहे, पण नुसत्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका. ज्या फोनवर ते संदेश आले तो फोन विकू नका, रीसेट करू नका. संपूर्ण चॅट निर्यात करा आणि त्या फाइलचा हॅश (फाइल बदलली की बदलणारा तिचा डिजिटल ठसा) लगेच काढून लिहून ठेवा. साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात आता हॅश लिहावा लागतो, जुन्या पुरावा कायद्याच्या ६५ ब मध्ये तसा रकाना नव्हता. प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, पहिला तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञाने.

उडवलेल्या खात्याबद्दल: २०२१ च्या नियमांप्रमाणे खातं बंद झाल्यावर नोंदणीची माहिती कंपनीने १८० दिवस जपायची असते. खातं कधी उडालं ते अंदाजे सांगा. मुदत शिल्लक असेल तर सोमवारीच अर्ज देऊ, पोलिसांकडून कंपनीला पत्र जायला हवं. ओटीपीचे संदेश पुसले नसतील ना? तेही ठेवा, पाठवणाऱ्या साइटकडे विनंती कोणत्या आयपीवरून आली याची नोंद असते. व्यक्तिगत निरोप (व्यनि) केला आहे.